अठ्ठ्याऐंशी सह्या

श्रोतेहो, कागद वाचून घेतल्याशिवाय अंगठा उठवू नये, हे शहाणपण आपल्या खेड्यापाड्यांतून कुणाला सांगावे लागत नाही. सावकाराच्या ओसरीवर पोळलेल्या पिढ्यांनी ते पुढच्यांना शिकवून ठेवले आहे. पण आज ज्या कागदाची हकीकत मी सांगणार आहे, त्याखाली नावे घालणारे कोणी अडाणी नव्हते. ते होते जर्मनीतले नामांकित लेखक आणि कवी. शब्द तोलून मापून वापरायचा, हाच त्यांचा व्यवसाय.

साल १९३३. जानेवारीच्या ३० तारखेला हिटलर जर्मनीचा चान्सेलर, म्हणजे मुख्य प्रधान झाला. त्या वेळी बर्लिनमध्ये प्रशियाची कला अकादमी ही मोठ्या मानाची संस्था होती. तिच्या साहित्य विभागाचे अध्यक्ष होते कादंबरीकार हाइन्रिख मान. नाझींविरुद्ध एक व्हा, असे आवाहन करणाऱ्या पत्रकावर त्यांनी सही केली होती. मंत्र्याने धमकी दिली, की संस्थाच मोडून टाकू. झाले! फेब्रुवारीच्या मध्यास मान यांना बाहेर पडावे लागले. संस्था वाचली, पण कशासाठी वाचली, हा प्रश्न मात्र राहिलाच.

मार्च महिन्यात सभासदांच्या हाती एक प्रश्न आला. बदललेली परिस्थिती मान्य करून, सरकारविरुद्ध जाहीरपणे काही न बोलता, राष्ट्रकार्यात निष्ठेने साथ द्याल काय? उत्तर एका शब्दात द्यायचे : हो किंवा नाही. हा मजकूर कुणा सरकारी कारकुनाने लिहिला नव्हता. तो लिहिला गॉटफ्रीड बेन या कवीने. बेन पेशाने डॉक्टर, आणि कवी म्हणून खरोखरच थोर.

अनेकांनी ‘हो’ म्हटले. रिकार्डा हूख म्हणून एक लेखिका होत्या, वय ६८. त्यांनी नकार दिला. अकादमीच्या अध्यक्षांनी त्यांची समजूत घातली, तुमच्यासारख्या अस्सल जर्मन बाईंनी असे करावे काय, अशा सुरात. बाईंनी एप्रिलमध्ये उत्तर धाडले. त्याचा मथितार्थ असा, की जबरदस्ती, क्रूरपणा आणि वेगळे मत असणाऱ्याची बदनामी यांना मी जर्मनपणा मानीत नाही. सबब माझा राजीनामा घ्यावा. त्या देश सोडूनही गेल्या नाहीत. तिथेच राहिल्या.

मग आला मे महिना. १० तारखेच्या रात्री बर्लिनच्या ऑपेरा चौकात विद्यार्थ्यांनी पुस्तकांची होळी केली. दुसऱ्या विद्यापीठांच्या गावीही तेच झाले. शिक्षकमंडळींनी हे ध्यानात घ्यावे : पुस्तके जाळणारे हात विद्यार्थ्यांचे होते, आणि त्यांना अडवणारे गुरुजन फारसे दिसले नाहीत. एरिख केस्टनर हा मुलांचा आवडता लेखक गर्दीत उभा राहून स्वतःची पुस्तके जळताना पाहत होता. ओस्कार मारिया ग्राफ या लेखकाची गोष्ट याच्या उलट. त्याची बरीचशी पुस्तके नव्या सरकारने चांगल्यांच्या यादीत घातली. त्याला ते इतके लागले, की ‘मलाही जाळा’ अशी मागणी त्याने व्हिएन्नाच्या वृत्तपत्रातून केली.

त्याच दिवसांत थॉमस मान यांचा मुलगा क्लाउस, वय अवघे २६, परदेशातून बेन यांना पत्र लिहिता झाला. ज्यांच्या कवितेवर आम्ही जीव टाकला, ते तुम्ही या लोकांत कसे, हा त्याचा सवाल. बेन यांनी खाजगी उत्तर दिले नाही. त्यांनी ते रेडिओवरून दिले, साऱ्या देशाला ऐकू जाईल असे, आणि देश सोडून गेलेल्यांनाच दोष दिला. आपण आत्ता रेडिओवर बोलतो आहोत, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

आता तो कागद. ऑक्टोबरच्या १४ तारखेला हिटलरने राष्ट्रसंघातून बाहेर पडण्याची घोषणा केली, आणि १२ नोव्हेंबरला त्यावर जनतेचा कौल घ्यायचे ठरवले. त्या कौलाआधी, २६ ऑक्टोबरला, वृत्तपत्रात एक प्रतिज्ञापत्र छापून आले. पूर्ण निष्ठेने आपल्या मागून येऊ, असा त्याचा आशय, आणि खाली ८८ साहित्यिकांची नावे. त्यांत बेन होते, हान्स योस्ट होते, इना झायडेल होत्या. ज्या ‘फॉसिशे त्साइटुंग’मध्ये ते छापले गेले, ते जुने वृत्तपत्रही पुढच्या मार्चअखेर बंद पडले.

सह्या का केल्या? सगळ्यांचे कारण एक नव्हते. काहींना मनापासून पटले होते. काहींना पदे हवी होती. योस्ट पुढे १९३५ साली सरकारी लेखक-मंडळाचे अध्यक्ष झाले. काहींपुढे भाकरीचा प्रश्न होता, कारण त्या मंडळाचा सभासद नसेल त्याला पुस्तक छापता येणार नव्हते. ओस्कार लोएर्के हे कवी एका प्रकाशनसंस्थेत नोकरीला होते. तिचे वृद्ध मालक ज्यू. मालकांवर संकट नको म्हणून लोएर्के यांनी सही केली आणि ती मनाला लावून घेतली. अशा माणसाला दोष देताना जीभ अडखळते. पण कागदावर हे काही दिसत नाही. तिथे भीतीची सही आणि लोभाची सही सारखीच दिसते. सत्तेला पाहिजे असतो तो आकडा.

बेन यांचे काय झाले? १९३६ साली नाझींच्याच पत्राने त्यांच्या कवितेला घाणेरडी ठरवले, आणि १९३८ साली त्यांच्यावर लेखनबंदी आली. युद्ध संपल्यावर, १९५० साली, त्यांनी आत्मवृत्तात क्लाउसचे ते पत्र छापले आणि त्या पोराला माझ्यापेक्षा नीट दिसले होते, अशी कबुली दिली. पण ती ऐकायला क्लाउस नव्हता. आदल्याच वर्षी तो वारला होता.

गुरुजी, शाळेत आपण मुलांना सही करायला शिकवतो. अक्षर वळणदार काढ, म्हणतो. कधी तरी एक दिवस त्यांना रिकार्डा हूखबाईंचीही गोष्ट सांगावी. सही न करणे हेदेखील साक्षर माणसाला यावे लागते.