दूरध्वनीचा जॅक आणि विजेची गिटार

विजेच्या गिटारीचा इतिहास सांगू लागले, की थोर वादकांची नावे पुढे येतात. ज्या छिद्रात वायर खोचल्यावाचून त्या वाद्याला कंठच फुटत नाही, त्याची आठवण मात्र ते बिघडल्यावरच होते. त्या छिद्राला जॅक म्हणतात. त्याचे कूळ संगीताचे नव्हे, दूरध्वनीचे आहे.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना दूरध्वनीचे पेटंट 1876 साली मिळाले. जानेवारी 1878 मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे पहिले व्यापारी एक्स्चेंज निघाले. त्याचे वर्गणीदार अवघे 21. मुंबईत 1882 च्या जानेवारीत एक्स्चेंज आले. वर्गणीदार वाढले, तशी एकाची तार दुसऱ्याच्या तारेला चटकन जोडण्याची व सोडवण्याची युक्ती हवी झाली. शिकागोचे चार्ल्स स्क्रिब्नर यांनी रचलेली कळ मिटत्या चाकूसारखी, म्हणजे इंग्रजीतल्या ‘जॅकनाइफ’सारखी दिसे, त्यावरून जॅक हे नाव पडले. पुढे पाव इंच, म्हणजे सुमारे 6.35 मिलिमीटर जाडीचा प्लग एक्स्चेंजांतून रूढ झाला.

लॉस एंजल्स येथे जॉर्ज बीचम व अ‍ॅडॉल्फ रिकेनबाकर यांनी 1932 साली विजेची गिटार बाजारात आणली. तारांच्या कंपनातून उपजणारा क्षीण विद्युत्प्रवाह ध्वनिवर्धकापर्यंत न्यावयाचा, तर जोड हवाच. तो दूरध्वनीच्या घरातून तयार मिळाला. 1950 पासून भरीव लाकडाच्या गिटारी विकणारे लिओ फेंडर हे तर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर! आपल्याकडे व्हॅन शिप्ले आणि हजारासिंग यांनी विजेच्या गिटारीवर चित्रपटगीते वाजवली, आणि त्यांच्या तबकड्यांनी तो आवाज घरोघर नेला.

आज भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या आपल्या सीमाभागातही लग्नाच्या वाद्यवृंदात, शाळेच्या संमेलनात, चर्चच्या गायनवृंदात ही गिटार दिसते. ऐन कार्यक्रमात ती खरखरू लागते किंवा मुकी होते. मग हैदराबादेस वा सोलापुरास जाण्याचा खर्च, हातची सुपारी गेलेली, आणि कित्येकदा कर्जाने घेतलेले वाद्य भिंतीला टांगलेले, असे घडते.

वास्तविक प्रथम दुसरी वायर लावून पाहावी. पुष्कळदा दोष तिच्यातच असतो. नसेल, तर ध्वनिवर्धक बंद करून, वायर काढून जॅक उघडावा. त्यात एक वाकडी पत्ती प्लगच्या टोकाला टेकते. तिच्यावाटे आवाज जातो. बाहेरचे कडे प्लगच्या दांड्याला टेकते; ते परतीची वाट. पत्ती सैल झाली असेल, तर बोटाने अलगद आत वाकवावी. पृष्ठभाग काळवंडला असेल, तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. सर्वांत नेहमीचा दोष म्हणजे सैल नट. तो सैल झाला, की प्लगबरोबर सारा जॅक फिरतो आणि आतली तार पीळ पडून तुटते. आवाज अजिबात नसेल, तर बहुधा पत्तीची तार सुटलेली असते. मोठी गुणगुण येत असेल, तर कड्याची. तार राळयुक्त सोल्डरने जोडावी. आम्लाचा लेप लावू नये, तो पुढे तार खातो. शेवटी जॅक आतून धरूनच नट आवळावा आणि खाली दातेरी वॉशर घालावा.

हे काम तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कोणाही कारागिराला जमेल, कारण जॅक हा त्याच्याच धंद्यातला जुना सोबती आहे. गिटार त्याने आयुष्यात पाहिली नसली, तरी बिघडत नाही. वाद्य परदेशी घाटाचे, म्हणून ते आपल्या हाताबाहेरचे, ही भीती तेवढी सोडावी. महाग वाद्य टाकून देण्यापूर्वी त्याचा स्वस्तातला जोड एकदा उघडून पाहावा.