गोराईत दोन-चार शेळ्या पाळताना: गोठा, चारा, लस आणि आजारपण

गोराई मुंबई महापालिकेच्या हद्दीत आहे, पण खाडीपलीकडे. बोरिवलीहून बोटीने यायचे, नाहीतर भाईंदर-उत्तनच्या रस्त्याने मोठा वळसा घालायचा. म्हणून इथे शेळ्या पाळणाऱ्याने एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. रात्री जनावर आडवे पडले तर डॉक्टर लगेच पोहोचेलच असे नाही. आजार होऊच नये याची काळजी घेणे, हाच इथला पहिला इलाज आहे.

हुजूर (स.) यांनी बकऱ्या चारल्याचा उल्लेख सहीह बुखारीत आहे. मुक्या जनावराचा सांभाळ ही आपल्याकडची अमानत आहे, हे मुलांना शिकवायला घरातली शेळी फार उपयोगी पडते. मात्र शहरात जनावर ठेवण्याचे नियम आहेत. ते वॉर्ड कार्यालयात आधी विचारून घ्यावेत.

जात कोणती घ्यावी?

महाराष्ट्रात उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी आणि कोकण कन्याळ या जाती आहेत. कोकण कन्याळ ही मूळची सिंधुदुर्गाची. किनाऱ्यावरची दमट हवा आणि जोराचा पाऊस तिला मानवतो. उस्मानाबादी शेळी बऱ्याच वेळा जुळी करडे देते. कोरड्या मुलखातले मोठे, दिसायला देखणे जनावर आणले, तर पहिल्याच पावसाळ्यात त्याचे हाल होतात.

गोठा

शेळी थंडी सोसते, ओल सोसत नाही. एका मोठ्या शेळीला १० ते १५ चौरस फूट जागा हवी, बोकडाला २० फूट. पावसाळ्यात जमिनीपासून दीड-दोन फूट उंच फळ्यांचा माचा करावा. फळ्यांत बोटभर फट ठेवावी म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडेल. पावसाची झड ज्या बाजूने येते ती बाजू बंद आणि समोरची मोकळी असावी. चारही बाजूंनी ताडपत्री बांधली की मुताचा वास कोंडतो आणि करडांना न्यूमोनिया होतो.

चारा

मोठ्या शेळीला दिवसाला ३ ते ४ किलो हिरवा पाला, किलोभर सुका चारा आणि पाव किलोपर्यंत खुराक पुरतो. शेवरी, शेवगा, फणस, उंबर यांचा पाला चांगला. सुबाभूळ हिरव्या पाल्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. कण्हेर आणि घाणेरी विषारी आहेत. तिवराचा पाला शेळ्या खातात, पण खारफुटी तोडायला २००५ पासून उच्च न्यायालयाची बंदी आहे. म्हणून तिकडे कोयता नेऊ नये.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते आपल्या लाडाने. शादी किंवा ईद झाली की उरलेला भात, बिर्याणी, रोट्या शेळीपुढे टाकल्या जातात. "फेकण्यापेक्षा बकरीने खाल्ले तर सवाबच ना?" असे माझ्या एका विद्यार्थ्याच्या अम्मींनी मला विचारले होते. त्यांची गाभण शेळी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. भात आणि पीठ पोटात एकदम आंबते, आम्ल वाढते, शेळी दात खाते, सुस्त होते, पातळ हगते आणि एक-दोन दिवसांत मरू शकते. मूठभर उरलेले चालते, परातभर नाही. प्लास्टिकची पिशवी तर पोटातून बाहेरच येत नाही.

लस आणि जंताचे औषध

पीपीआर म्हणजे शेळ्यांचा प्लेग. यात ताप येतो, नाक-डोळे गळतात, तोंडात फोड येतात, हगवण लागते आणि कळपच्या कळप बसतो. करडू तीन-चार महिन्यांचे झाले की ही लस द्यावी, तिचा असर साधारण तीन वर्षे राहतो. आंत्रविषाराची लस दर वर्षी पावसाळ्याआधी, म्हणजे मे महिन्यात घ्यावी. पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस लागतो. लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाच्या लसी डॉक्टरांच्या सल्ल्याने.

पावसाळ्यात जंत रक्त पितात. खालची पापणी ओढून पाहा. आतली बाजू लालसर असेल तर ठीक, पांढरी पडली असेल तर औषध हवे. गाभण शेळीला कोणतेही औषध विचारल्याशिवाय पाजू नये.

देवनारहून किंवा कुठूनही आणलेला बकरा तीन आठवडे वेगळा बांधा. कुर्बानीसाठी आणलेला बकरा घरच्या शेळ्यांत सोडला, की बाजारातला आजार घरात आलाच.

करडांची काळजी

शेळी पाच महिन्यांत विते. करडाला तासाभरात चीक पाजावा. तो वार पडायची वाट पाहत थांबवू नये. नाळेला आयोडीन लावावे. शेळीचे दूध उकळूनच प्यावे. गाभ टाकला तर हातमोज्यांशिवाय काही उचलू नये, कारण काही रोग माणसालाही लागतात.

कुर्बानी आणि जकात

हनफी मसलकात बकरा एक वर्ष पूर्ण झालेला लागतो, शाफईत दोन वर्षे. कोकणी घरे बहुतेक शाफई आहेत, म्हणून विकताना वय स्पष्ट सांगावे. दोन दाती बकरा साधारण सव्वा वर्षाचा, चार दाती साधारण दोन वर्षांचा असतो. खस्सी बकरा चालतो. उघड लंगडा, आंधळा, फार आजारी चालत नाही. चरणाऱ्या कळपाची जकात ४० पासून सुरू होते. त्याहून कमी शेळ्यांवर ती नाही, पण विकण्यासाठी घेतलेले बकरे व्यापाराच्या मालात धरले जातात. शंका असेल तर आपल्या इमामसाहेबांना विचारावे.

डॉक्टर कधी बोलवावा?

शेळीचे तापमान १०२ ते १०३ फॅरनहाइट असते. ते १०४ च्या वर गेले, शेळीने दिवसभर रवंथ केली नाही, डावी कूस ढोलासारखी फुगली किंवा एक तास कळा देऊनही करडू आले नाही, तर सकाळची वाट पाहू नका. पोट फुगल्यास डॉक्टर येईपर्यंत शेळीला पुढचे पाय उंचावर ठेवून उभी करा. औषध पाजताना मान वर ताणू नका, ते फुप्फुसात जाते.

पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे. हे नंबर आणि लसींच्या तारखा गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा, घरात कोणीही असले तरी सापडतील.