खोळंबा चरकात नाही, काट्यावर आहे

नगर जिल्ह्यातल्या बँका, पतसंस्था, साखर कारखाने शाखा जोडण्यासाठी उपकरणं घेतात, तेव्हा माझ्या पाहण्यातल्या बहुतेक निविदांत एक ओळ असते: एन्क्रिप्शन हार्डवेअरमध्येच हवं. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं. सॉफ्टवेअरमधलं एन्क्रिप्शन संथ असतं आणि कच्चंही असतं. वेगळं कार्ड घ्यावं आणि निर्धास्त राहावं. जुन्या निविदेतून नव्या निविदेत ही ओळ उतरत राहते. ती पहिल्यांदा कोणी लिहिली, हे बहुधा लिहिणाऱ्यालाही आठवत नसेल.

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एकेकाळी तो खराच होता. २००१ साली एईएस हे एन्क्रिप्शनचं प्रमाण ठरलं, तेव्हा प्रोसेसरला ते तक्ते चाळत चाळत करावं लागे. १२८ बिटांच्या किल्लीला दहा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत मेमरीतल्या तक्त्यांत डोकावणं. या डोकावण्याला लागणारा वेळ मोजून किल्लीच काढता येते, हे डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५ मध्ये दाखवलं. म्हणजे संथही आणि कच्चंही, दोन्ही आरोप साधार होते.

पण २०१० मध्ये इंटेलचे वेस्टमियर पिढीचे प्रोसेसर आले आणि आरोपांचा आधारच गेला. एईएसची अख्खी फेरी करणारी सूचना प्रोसेसरच्या अंगातच आली. तक्ता नाही, त्यामुळे तक्त्याची चाहूलही नाही. आज ज्याला आपण सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन म्हणतो, ते होतं सिलिकॉनमध्येच. फक्त ते सिलिकॉन वेगळ्या कार्डावर नसून प्रोसेसरच्या पोटात असतं. 'हार्डवेअर की सॉफ्टवेअर' हा वादच मुळात चुकीच्या जागी मांडलेला आहे.

मग अनेकांना मोजणीत सॉफ्टवेअर संथ दिसतं, ते का? इथे जरा हिशेब करू. दहा गिगाबिटच्या लाइनवर ६४ बाइटांची पॅकेटं भरून आली, तर सेकंदाला एक कोटी ४८ लाखांवर येतात. एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद. तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे जेमतेम दोनशे टिक. ६४ बाइट म्हणजे एईएसचे चार ठोकळे, दहा फेऱ्यांप्रमाणे चाळीस सूचना. उलट मुख्य मेमरीत एकदा जाऊन यायलाच साठ ते शंभर नॅनोसेकंद जातात, आणि प्रत्येक पॅकेटमागे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलला उठवलं तर त्याहूनही जास्त. वेळ खाते ती ने-आण, एन्क्रिप्शन नव्हे.

प्रवरानगरला १९५० साली सहकारी कारखाना सुरू झाला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्याला हे शिकवायला नको. गाळप हंगामात गाड्यांची रांग लागते ती बहुतेकदा चरक मंद आहे म्हणून नव्हे. वजनकाट्यावर खोळंबा होतो, गव्हाणीत मोळी वेळेवर पडत नाही, म्हणून. तिथे दुसरा चरक विकत घेऊन काय साधणार?

डीपीडीके या पॅकेटं हाताळणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअर संचात हा काट्यावरचा खोळंबाच मोडला आहे. गाडी आली की रखवालदाराला हाक मारायची, ही इंटरप्टची पद्धत सोडून एक कोर सतत फाटकातच उभा केला जातो. पॅकेटं एकेक न उचलता बत्तीस-बत्तीसच्या खेपांनी उचलली जातात. २०१५ च्या अखेरीस या संचात क्रिप्टोचे ड्रायव्हर आले. त्यांतला एईएसएनआय-एमबी हा सॉफ्टवेअर ड्रायव्हर मला फार हुशार वाटतो. एईएसच्या सीबीसी पद्धतीत मागचा ठोकळा झाल्याशिवाय पुढचा सुरू होत नाही. इंटेलच्या हॅसवेल पिढीत एका फेरीचं उत्तर सात टिकांनी येतं, तरी नवी फेरी दर टिकाला सुरू करता येते. एकाच पॅकेटवर काम केलं तर सातांतले सहा टिक वाया. म्हणून हा ड्रायव्हर चार किंवा आठ पॅकेटं शेजारी शेजारी लावून त्यांच्या फेऱ्या एकमेकींत गुंफतो.

संथ मोजणी करणाऱ्यांची गफलत बहुधा इथेच होते. इंटेलची मल्टी-बफर लायब्ररी आधी बसवली नाही, तर डीपीडीके बांधताना हा ड्रायव्हर मुकाट्याने वगळला जातो. लायब्ररी बसवली पण आभासी यंत्राला जुनाट प्रोसेसर दाखवला, तर एईएसच्या सूचना दिसतच नाहीत. ह्यूजपेज, म्हणजे मेमरीची मोठी पानं, एका सॉकेटच्या मेमरीत आणि कोर दुसऱ्या सॉकेटवर, असंही होतं. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे पॅकेट एकेक करून रांगेत टाकणं. मग आठ जागांचं यंत्र एका जागेवर चालतं आणि दोष सॉफ्टवेअरला लागतो.

राहिला कच्चेपणाचा आरोप. २०१८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी नामांकित कंपन्यांच्या काही एसएसडींमधलं हार्डवेअर एन्क्रिप्शन पासवर्डशिवाय ओलांडता येतं, हे दाखवलं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या बिटलॉकर या ड्राइव्ह-एन्क्रिप्शनचा नव्या ड्राइव्हवरचा मूळ कल हार्डवेअरकडून सॉफ्टवेअरकडे वळवला. बंद डबा पक्का असतो हा समज आपल्याकडे जुनाच आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत झाकून ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी वाङ्मयेतिहासकार वि. ल. भावे यांच्या हाती त्या लिपीची किल्ली आली आणि ते ग्रंथ वाचता येऊ लागले. साहित्याचं भलं झालं, पण गुपित पद्धतीत ठेवलं की पद्धत कळताच सगळंच उघडं पडतं. गुप्तलेखनाचे अभ्यासक केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये हेच बजावलं होतं: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, लपवायची ती फक्त किल्ली. मुक्त लायब्ररी कोणीही वाचू शकतो, आणि चूक सापडली तर दुरुस्ती अपडेटने येते. कार्डातल्या चुकीला कंपनीची वाट पाहावी लागते.

प्रतिपक्षाचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. फाटकात उभा केलेला कोर रहदारी नसतानाही शंभर टक्के राबतो; वीज आणि कोर दोन्ही खर्ची पडतात. हजारो टीएलएस जोडण्यांची आरएसए गणितं करायची असतील तर कार्ड परवडतं. एटीएमच्या पिनच्या किल्ल्या तर एचएसएम या किल्ल्या सांभाळणाऱ्या खास यंत्रातच राहाव्यात, त्यात वादच नाही. पण शंभर मेगाबिटच्या लाइनवर बसलेल्या पतसंस्थेच्या शाखेला कार्डही नको आणि डीपीडीकेही नको. लिनक्सच्या कर्नेलमधलं आयपीसेक तिथे पुरून उरतं.

म्हणून निविदेतली ती ओळ खोडून मी तिथे लिहीन: ६४ आणि १५१८ बाइटांच्या पॅकेटांवर, एन्क्रिप्शन चालू ठेवून, आमच्यासमोर वेग आणि विलंब मोजून दाखवावा. मग यंत्राच्या पोटात कार्ड असो वा नसो.