विसापूरच्या शिवारातून निघालेला कायदा

देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की ज्यांनी दगड वाहिले, माती उपसली, त्यांची नावे फलकावर क्वचितच येतात. देणगीदारांची येतात आणि ती यावीतही. परंतु हाताला काम मागणाऱ्या माणसाचे नाव सरकारी कागदावर हक्काने लिहिले जावे, याचा ध्यास घेतलेला एक पुढारी आपल्या तासगाव तालुक्याच्या मातीशी जोडलेला होता. म्हणून या स्मरणिकेत कै. विठ्ठल सखाराम तथा वि. स. पागे यांचे स्मरण करणे उचित होईल.

पागेसाहेबांचा जन्म सन १९१० चा. गांधीजींच्या विचाराने भारलेल्या पिढीतील ते कार्यकर्ते. संत वाङ्मयाचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर सन १९६० मध्ये ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि सन १९७८ पर्यंत त्या आसनावर राहिले. एवढ्या मोठ्या मानाच्या जागी अठरा वर्षे बसलेल्या माणसाचे नाव मात्र राहिले ते कुदळ, फावडे आणि पाटी यांच्या संगतीने.

त्याची सुरुवात विसापूरच्या शेतात झाली, असे सांगतात. अमुक एवढी रक्कम हाती दिली तर आपल्या शेतात किती माणसांना किती दिवस काम देता येईल, असा हिशेब त्यांनी घरातच विचारला. उत्तर मिळाले आणि त्यावरून त्यांच्या मनात आले की, एका शेतात हे जमते तर सरकारला का जमू नये? कोरडवाहू भागातील शेतमजुराला सुगी संपली की काम नसते. तो आळशी नसतो, त्याच्या हाताला कोणी बोलावीत नसते, एवढेच. दान दिले तर तो एक दिवस जेवेल, पण मान खाली घालून जेवेल. काम दिले तर दाम घेऊन ताठ मानेने घरी जाईल आणि गावाला बांध, विहीर, तलाव मिळेल तो वेगळाच. हा विचार पागेसाहेबांनी तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला.

सन १९६९ मध्ये तासगाव तालुक्यातील विसापूर व आसपासच्या गावांत हा प्रयोग सुरू झाला. प्रारंभी त्यास लोक ‘पागे योजना’ असेच म्हणत. सन १९७२ मध्ये शासनाने ती राज्यभर लागू करण्याचे ठरविले आणि नेमका त्याच साली मोठा दुष्काळ पडला.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पारावर बसणारी वडीलधारी मंडळी बहात्तरच्या खडी फोडण्याच्या कामाला सरसकट रोजगार हमी म्हणतात. वास्तविक त्या काळात ही योजना बाजूला ठेवावी लागली व टंचाईची कामे निघाली. सन १९७३ च्या मे महिन्यात राज्यात सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. दुष्काळ ओसरल्यावर सन १९७४ मध्ये योजनेला पुन्हा चालना मिळाली. दुष्काळी काम सरकारच्या मर्जीने निघते व मर्जीने बंद होते. हमीचे काम मागणाऱ्याच्या अर्जाने निघते. दोन्हीकडे खडी तीच, पण फरक जमीनअस्मानाचा.

पैसा कोठून आणायचा? त्यासाठी सन १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. नोकरदाराच्या पगारपत्रकातून दरमहा कापली जाणारी ती रक्कम पाहून पुष्कळजण कपाळाला आठ्या घालतात, पण ती मुळात कोणासाठी सुरू झाली हे फार थोड्यांना ठाऊक असते. इतर काही करांवरील अधिभारही या निधीत येई आणि जमेल तेवढीच रक्कम शासन आपल्याकडून घाली. शहराने खेड्यातील मजुराचा भार असा उचलल्याचे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही.

सन १९७७ मध्ये दोन्ही सभागृहांनी रोजगार हमीचा कायदा एकमताने संमत केला. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता, ठेकेदार नेमावयाचा नाही, खर्चाचा मोठा हिस्सा मजुरीवरच पडला पाहिजे आणि स्त्री व पुरुष यांना एकाच दराने मजुरी. या शेवटच्या कलमाचे मोल आयाबहिणींना विचारावे. त्या काळी बांधावर बाईला गड्याच्या निम्मी मजुरी मिळे, आणि हमीच्या कामावर बायकांची रीघ लागे.

सगळे सोन्यासारखे झाले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. हजेरीपटावर न आलेल्यांची नावे चढली. कित्येक रस्ते अर्ध्यावर राहिले आणि पहिल्या पावसात वाहून गेले. मजुरी आठवड्याऐवजी महिन्याने हाती पडे आणि तोवर मजूर दुकानदाराच्या उधारीत अडके. हा दोष कायद्याचा नव्हे, तो राबविणाऱ्यांचा होय. तरीही गावोगाव पाझर तलाव झाले, नाले अडले, बांधबंदिस्ती झाली, आणि सन १९९० नंतर याच योजनेतून फळबागाही उभ्या राहिल्या.

पागेसाहेब सन १९९० मध्ये निवर्तले. सन २००५ मध्ये केंद्र शासनाने सबंध देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तो त्यांना पाहावयास मिळाला नाही. त्यात कुटुंबास वर्षाला १०० दिवसांची मर्यादा होती. पागेसाहेबांच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मोजदाद नव्हती. मात्र केंद्राच्या कायद्यात मजुराच्या अर्जाची तारखेसह पोच देण्याचे बंधन घातले गेले. पंधरा दिवस त्या पोचेवरील तारखेपासून मोजायचे असत, म्हणून शहाणा मजूर पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरत नसे.