फवारणी ड्रोन : फ्लाइट कंट्रोलरची सेटिंग एआय एजंटकडून कशी वाचून घ्यावी?

फवारणी करताना ड्रोन डोलत असेल, तर काही पट्टे कोरडे राहतात आणि काही ठिकाणी दुबार औषध पडून पीक करपते. नोझल ठीक असतील, तर फ्लाइट कंट्रोलरची सेटिंग तपासावी. आर्डूपायलट प्रणालीच्या ड्रोनमधून सेटिंगची फाइल आणि उड्डाणाचा लॉग मिशन प्लॅनरवर उतरवून घ्या. एआय एजंट त्यातील शेकडो नोंदींमधून कामाच्या नोंदी शोधून मराठीत समजावून देऊ शकतो.

काय विचारावे?

• पी, आय, डी : ‘पी’ चुकीला तत्काळ प्रतिसाद देतो, ‘आय’ टिकून राहिलेली चूक भरून काढतो, ‘डी’ झोल आवरतो. ‘पी’ किंवा ‘डी’ फार वाढल्यास ड्रोन थरथरतो.

• कंपन : लॉगमधील आकडा ३० च्या आत असल्यास सहसा चालतो, ६० च्या वर अडचण जवळपास ठरलेलीच. अशा वेळी सेटिंगआधी पाती, मोटर व स्क्रू पाहावेत.

• वजन : १० लिटरची टाकी रिकामी होताना सुमारे १० किलो वजन घटते. त्यामुळे भरलेल्या आणि रिकाम्या टाकीचे लॉग वेगवेगळे द्यावेत.

काय टाळावे?

एजंटला फक्त वाचण्याची परवानगी द्या, बदलण्याची नको. त्याने सांगितलेला प्रत्येक आकडा मूळ फाइलशी ताडून पाहा. बदल प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच, एका वेळी एकच करावा. जुनी फाइल जपून ठेवावी आणि चाचणी मोकळ्या रानात, साध्या पाण्यावर घ्यावी.