घाटवाटा आणि दोन चाके

होसूर आणि सर्जापूर या दोन गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून ज्या वसाहतीचे नाव पडले, ती बंगळूरची एचएसआर लेआउट आगर तळ्याच्या शेजारी वसली आहे. 1638 साली विजापूरकरांनी बंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे आपणांस ठाऊक असते. बदलीच्या गावी आपले काही पूर्वसंचित आहे, या विचाराने मन सुखावतेही. परंतु प्रदेशाची ओळख केवळ बखरींतून होत नाही. तो पायांखालून जावा लागतो. सुटीच्या दिवशी भल्या पहाटे नंदीच्या चौदाशे मीटरांहून उंच डोंगराकडे निघणारे येथील सायकलस्वार पाहिले, म्हणजे या गोष्टीची आठवण होते.

या छंदास आपल्याकडे मोठा इतिहास आहे. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. एक तेहरानहून परतला, दोघांची वाट अमेरिकेत सुटली. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे 18 मार्च 1928 रोजी मुंबईस परत आले. साडेचार वर्षांच्या आत सुमारे 71,000 किलोमीटर! इराणचे डोंगर, मेसोपोटेमियाचे वाळवंट, आल्प्सच्या खिंडी, चीन आणि ब्रह्मदेश त्यांनी पालथे घातले. त्यांच्या मागोमाग 1924 साली निघालेल्या फ्रामरोज दावर यांनी सहारा आणि अँडीज ओलांडले.

त्या काळच्या यंत्राचा विचार केल्यावाचून या पराक्रमाचे मोल कळणार नाही. साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकविणारी योजना तेव्हा सामान्य सायकलीस नव्हती. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतीतदेखील ती 1937 पर्यंत निषिद्धच होती. अर्थात खडा चढ आला की उतरावे आणि ओझ्यासकट सायकल ढकलावी, हाच मार्ग. आज गिअरामुळे चढ हलका होतो. पाय अधिक वेळा फिरतात, पण प्रत्येक फेऱ्यास जोर कमी लागतो.

2008 च्या डिसेंबरात बंगळूरहून ‘टूर ऑफ नीलगिरीज’ ही सायकलयात्रा प्रथम निघाली. मसिनगुडीहून उटकमंडकडे चढणारा कलहट्टीचा घाट, त्याची 36 वळणे, ही तिची खरी कसोटी. येथे सामान वाहणारी वाहने सोबत असतात. स्वतःची राहुटी, शिधा आणि भांडी चाकावर लादून निघणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला पाणी कोठे मिळेल, अंधार पडण्यापूर्वी मुक्काम कोठे करावा, हे गावकऱ्यांना विचारावेच लागते. बंदीपूरच्या अरण्यातून जाणारा रस्ता 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 वाहतुकीस बंद असतो आणि संरक्षित वनात परवानगीवाचून राहुटी ठोकता येत नाही. हत्तींच्या वाटेवर आपण पाहुणे आहोत, हे यातून शिकावे.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कार्यालयीन पूर्वजांनी दौऱ्याचे दिवस तंबूत काढले होते. घोड्यावरून वा पायी फिरताना त्यांना पीक, पाणी, भाषा आणि तक्रारी या सर्वांचा परिचय होई. मोटारीने तो दौरा लवकर आटोपतो. परिचयही तितकाच आटोपतो. सायकलीची चाल मधली आहे. ती दूरवर नेते, पण कोणाच्या अंगणावरून नुसती निघून जात नाही.

एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते. हकीम, बापासोला आणि भूमगरा यांनी 1931 साली आपला वृत्तांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला, म्हणूनच आज त्यांची नावे घेता येतात. न लिहिता घाट चढून गेलेले कितीजण असतील, त्यांची गणती कोण करणार? परप्रांती नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसाने आसपासचे डोंगर पाहावेत, आणि पाहिलेले चार ओळींत का होईना, टिपून ठेवावे. बदलीचा हुकूम येतो तेव्हा घर रिकामे करावे लागते. टिपलेले मात्र आपल्याबरोबर जाते, आणि मागून येणाऱ्याच्याही उपयोगी पडते.