सोनाराने टोचलेले कान

साक्री हे गाव कान नदीच्या काठी आहे. या नदीच्या नावाचा आपल्या डोक्याच्या दोन बाजूंच्या कानांशी संबंध जोडण्याचा मोह आम्हांस झाला नाही असे नाही. पण नावांच्या फोडीवर इतिहास उभा करण्याची खोड आपल्याकडे आधीच पुष्कळ आहे, तीत आम्ही भर घालीत नाही. आज बोलावयाचे आहे ते कान व नाक टोचण्याविषयी, आणि त्याहून अधिक, टोचल्यानंतरच्या दिवसांविषयी. विषय किरकोळ वाटेल. व्याख्यानास यावे ते पानिपतासाठी किंवा ज्ञानेश्वरीसाठी, पोराच्या कानाच्या पाळीसाठी कोण येईल, असे आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस विचारलेही. परंतु या सभेत असे घर क्वचितच असेल की ज्यात कोणाचा कान कधी पिकला नाही.

'सोनारानेच कान टोचावे' अशी आपली म्हण आहे. ज्याचे काम त्यानेच करावे, किंवा ज्याच्या तोंडून बोल शोभतो त्यानेच तो सुनवावा, असा तिचा अर्थ आपण घेतो. पण म्हणीचा मूळ व्यवहार पाहिला तर एक प्रश्न उभा राहतो. कान टोचणे म्हणजे शरीरास जखम करणे. मग ते काम वैद्याचे. ते सोनाराकडे कसे गेले?

जुन्या ग्रंथांत ते वैद्याचेच होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय मुख्यतः कानाला वाहिलेला आहे. बालकाचे कान दोन कारणांसाठी टोचावयाचे असे तेथे सांगितले आहे: रक्षण आणि भूषण. रक्षण पहिले, हे ध्यानात ठेवावे. त्याकडे आम्हांस पुढे यावयाचे आहे. मूल सहा-सात महिन्यांचे झाले म्हणजे शुक्लपक्षातला चांगला दिवस पाहून त्याला दाईच्या मांडीवर बसवावे, खेळणी दाखवून रमवावे, वैद्याने डाव्या हाताने पाळी ताणून ती उन्हासमोर धरावी आणि जेथून उजेड आरपार दिसतो तेथे उजव्या हाताने हळूहळू, सरळ टोचावे. पाळी पातळ असेल तर सुईने, जाड असेल तर आरीने. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. पाळी उन्हात धरण्याची ही युक्ती आम्हांस फार आवडते. जेथे उजेड दिसतो तेथे मोठी शीर नाही, हे त्या काळच्या माणसाने नुसत्या डोळ्यांनी ओळखले.

टोचणे येथे संपते, अध्याय मात्र संपत नाही. लगेच भोकात कापसाची बारीक वात घालावी, कच्चे तेल सोडावे, आणि दर तीन दिवसांनी पहिलीहून जाड वात घालून पुन्हा तेल सोडावे, असा क्रम दिला आहे. सूज आली, ठणका लागला, तर त्याची कारणेही मोजली आहेत: सुई बोथट किंवा वाकडी होती, वात फार जाड घातली, जागा चुकली. अशा वेळी हट्ट न धरता वात काढून घ्यावी, ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठ, जव आणि तीळ यांचा मधतुपात कालवलेला लेप द्यावा, भोक पुरते भरून येऊ द्यावे आणि मग नव्याने टोचावे. पिकलेल्या कानात दागिना तसाच दामटून ठेवणाऱ्या आजच्या आयांनी हे वाक्य ऐकण्यासारखे आहे. आणखी एक ओळ मात्र मन थरकविणारी आहे. अडाण्याने टोचताना लोहितिका नावाची शीर दुखावली तर मान ताठते आणि अपतानक होतो, असे सुश्रुत सांगतो. अपतानक म्हणजे अंगास येणारे ताठरलेले झटके. हे वर्णन वाचून आजच्या डॉक्टरास धनुर्वाताचीच आठवण होईल. शिरेचा दोष नव्हता, सुईबरोबर आत गेलेल्या मातीचा होता, हे कळावयास १८८४ साल उजाडावे लागले. जर्मनीत निकोलायरने मातीतील जंतूने जनावरांस धनुर्वात होतो हे दाखविले आणि १८८९ साली किटासाटो या जपानी संशोधकाने तो जंतू वेगळा केला. पण टोचणे आणि मान ताठणे यांची सांगड ग्रंथकाराने घातली होती, हे खरे.

मग सोनार कोठून आला? आमचे मत असे की हा बदल कोणी ठरवून केला नाही. गावोगावी वैद्य नव्हता, सोनार होता. शिवाय वैद्याला सुई, वात आणि पुढे दागिना अशी तीन साधने लागत. सोनाराचे एकाच तारेत भागे. तारेचे टोक घासून अणकुचीदार केले की तीच सुई. आरपार गेली की वळवून तिचीच बाळी. परके काही काढावयाचे नाही, दुसरे काही घालावयाचे नाही. चांगले सोने गंजत नाही आणि मांसाशी भांडत नाही. भट्टीजवळ बसणाऱ्या या कारागिराची तार विस्तवावरून आलेली असली तर ती आपोआप निर्जंतुकही होई, त्याला तो शब्द ठाऊक नसला तरी. हाताच्या सफाईविषयी तर शंकाच नको. चाळीसगावापलीकडे डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथे सापडलेला दगडी यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, आणि तो कण्हदास नावाच्या सोनाराने घडविला असे त्या यक्षाच्या हातावरच कोरले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. दगडात यक्ष घडविणाऱ्या हाताला पोराची पाळी काय जड!

नाकाची कथा निराळी आहे. कान टोचणे आपल्याकडे फार जुने, नाक टोचणे त्या मानाने अलीकडचे. अनंत सदाशिव आळतेकर आणि पुण्याच्या भांडारकर संस्थेतील परशुराम कृष्ण गोडे यांनी या प्रश्नाचा कसून शोध घेतला. प्राचीन संस्कृत वाङ्मयात व शिल्पांत नाकातल्या दागिन्याचा माग लागत नाही असे त्यांच्या ध्यानात आले. अजिंठा आपल्या खानदेशच्या उंबरठ्यावर आहे. पुढच्या वेळी जाल तेव्हा तेथील चित्रांतल्या स्त्रियांकडे मुद्दाम पाहा: कानांत, गळ्यात, केसांत अलंकारांची रेलचेल, आणि नाक मोकळे. ज्या नथीवाचून आज मराठी नवरी पुरी होत नाही ती त्या राण्यांना ठाऊक नव्हती.

एवढ्या उशिरा आलेल्या या दागिन्याने रक्षणाचे काम मात्र चटकन उचलले. खानदेशात नथू नावाचा मनुष्य सापडत नाही असे गाव नाही. पाठीवरची भावंडे वाचली नाहीत, आणि मग मुलगा झाला, तर त्याचे नाक टोचून त्यात नथ किंवा मुरणी घालीत. मृत्यूने त्याला मुलगी समजून पुढे जावे. त्याचेच नाव नथू. भिका, उखा, दगडू ही त्याच जातीची नावे. दारोदार मागून आणलेल्या पैशांची मुलाच्या कानात घातली जाणारी भिकबाळी हीही त्याच भयातून आली; पुढे ती ऐटीची खूण झाली, एवढेच. हसू नये. ज्या घरात दोन पाळणे रिकामे झाले त्या घरातल्या आईने आणखी काय करावयाचे होते?

पण यातला पेच पाहा. कित्येक घरांत कान टोचीत बाराव्या दिवशी, बारशाच्या सुमारास. नाळेची जखम नुकती वाळलेली, अंगात प्रतिकाराची शक्ती नाही, आणि लस तर अस्तित्वातच नव्हती. सोन्याची तार परवडणाऱ्याचे ठीक. ज्याला परवडत नसे तो भोक बुजू नये म्हणून दोरा ठेवी, नाहीतर काडी. कडुनिंबाची काडी असली तर बरे. कित्येक घरांत मात्र केरसुणीची काडी मोडून घालीत, आणि केरसुणी कोठे फिरते ते सांगावयास नको. धनुर्वाताचा जंतू राहतो तो मातीत आणि शेणात. मृत्यूपासून राखण्यासाठी केलेल्या भोकातूनच मृत्यू आत शिरावा, असे किती घरांत घडले असेल याची नोंद कोठे नाही. त्या मुलाला दृष्ट लागली असेच म्हटले गेले असणार.

म्हणून टोचणाऱ्याहून राखणाऱ्याचे महत्त्व आम्ही अधिक मानतो. याचा एक उत्तम दाखला पुण्याचा आहे. इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला; त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या जातीच्या माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक केले. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज सर्जनांनी असे काम डोळ्यांनी पाहिले, आणि १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत छापून आली. ती वाचूनच कार्प्यू या सर्जनने १८१४ साली लंडनमध्ये ती शस्त्रक्रिया केली. ही गोष्ट पुष्कळांना माहीत असते. हकीकतीचा उत्तरार्ध कोणी सांगत नाही. कातडी बसविल्यावर वर काताचा लेप. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजविलेली फडकी. रोग्याने पाच-सहा दिवस उताणे पडून राहावयाचे. दहाव्या दिवसापासून नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कपाळाशी ठेवलेली कातडीची दोरी कापावयाची. सुश्रुताची वात आणि पुण्याच्या त्या कारागिराचा बोळा यांचे नाते उघड आहे.

आता सोनाराची तारही मागे पडली. खटकन आवाज करणारे टोचण्याचे पिस्तूल गेल्या काही दशकांत शृंगारगृहांतून व दुकानांतून आले. मुलाला रडावयास अवधी मिळत नाही, हा त्याचा गुण. परंतु त्याचा प्लास्टिकचा सांगाडा वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही, आणि त्यातली खुंटी बोथट असल्याने ती मांस कापीत नाही, चिरडीत जाते. पाळीवर एक वेळ निभावते. कानाच्या वरच्या कुर्चेवर ते मुळीच वापरू नये. कुर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नाही. ती पिकली तर कानाचा आकारच बिघडतो. तेथे पोकळ सुई आणि जाणता हात पाहिजे.

राखण्याविषयी आज जे ठरले आहे तेही सांगून टाकतो. पाळी भरावयास सहा ते आठ आठवडे लागतात, नाकपुडीस दोन-चार महिने, कुर्चेस कधी वर्षही. भोकाची नवी त्वचा दोन्ही तोंडांकडून आत वाढत जाते. म्हणून बाहेरून कान बरा दिसतो तेव्हा मधला भाग कच्चाच असतो, आणि घाईने दागिना बदलला की तो फाटतो. पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालून दिवसातून दोनदा धुवावे, त्याआधी हात साबणाने धुवावे, दागिना फिरवीत बसू नये. हळद-तेलाविषयी आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांचा आणि डॉक्टरांचा वाद आहे. आम्ही डॉक्टरांच्या बाजूचे, कारण तेल धूळ धरून ठेवते. पहिला दागिना सोन्याचा किंवा निकेल नसलेला असावा. युरोपात तर १९९४ साली यासाठी कायदाच झाला. लाली पसरत गेली, ताप आला, तर घरी लेप शोधू नये. आणि मूल लहान असेल तर लसीचे सहा, दहा व चौदा आठवड्यांचे डोस होऊ द्यावेत. सुश्रुताच्या सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ते झालेले असतात. गरोदर स्त्रियांस व अर्भकांस लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून जवळजवळ नाहीसा झाल्याचे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. नथूची नथ ज्यासाठी होती त्यातले एक मोठे भय असे गेले.

आमच्या आजीच्या दोन्ही पाळ्या ओघळलेल्या होत्या. डावी तर जड कापांनी पुरती चिरून दोन पाकळ्यांची झाली होती. सणाला ती त्या कानावरून पदर घेई. अशा चिरलेल्या पाळ्या सांधण्याचे पंधरा प्रकार सुश्रुताने दिले आहेत, हे तिला कोणी सांगितले नाही. आज हे काम धुळ्यास किंवा नाशकास अर्ध्या-पाऊण तासात, जागा बधिर करून, चार टाके घालून होते. टाके काढल्यावर काही महिने थांबावयाचे. आणि पुन्हा टोचावयाचे ते वणाच्या रेषेवर नव्हे, तिच्या किंचित बाजूला.